रुसव्याची जागा

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीने काय करू नये, याबद्दल कराडच्या निकम घराण्यात बरीच मतं होती. उन्हात जाऊ नये, मेंदीचा हात भिंतीला लावू नये, सासरच्या लोकांसमोर लागोपाठ तिसरी पुरणपोळी मागू नये. चालू यंत्रणेचं कोड लिहिणारं टूल बदलू नये, असं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. त्यामुळे ओवी निकमने ते बदललं.

साल २०४१. मंगल कार्यालयात आता माणसं फक्त दोन कामं करत, लग्न आणि जेवण. बाकीचं यंत्रं बघत. अंतरपाट दोन यांत्रिक हात धरत. (पूर्वी दोन काका धरायचे. एकाचा खांदा भरून आला की नवरानवरीची मुहूर्ताआधीच नजरानजर व्हायची.) अक्षता छतातून पडत, बँडच्या गाडीवर वाजवणारं कुणी नसे, चूल आपली आपण पेटे, आणि वाढपी म्हणून चार चाकांच्या गाड्या पंगतीतून फिरत. शुभंकर मंगल कार्यालयातली ही सगळी यंत्रणा ओवीची कंपनी सांभाळत असे. कंपनीत माणसं दोन. ओवी आणि रुबीना मुजावर.

आता ही यंत्रं काही एका घरातली नव्हती. अंतरपाट एका कंपनीचा, चूल दुसऱ्या, बँडची गाडी तर अशा कंपनीची, जी केव्हाच बंद पडून तिच्या जागी बेकरी आली होती. त्यांनी एकमेकांशी नीट बोलावं म्हणून एक करार होता. कुणी काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, कोणत्या नंबरवर. आठ नंबरवर जे येईल ते अंतरपाटाने ऐकायचं. नऊवर अक्षता, दहावर बँड, अकरावर चूल. जुनी यंत्रं नाव वाचतच नसत, नंबर वाचत. त्यांच्या पोटात तो नंबर कायमचा कोरलेला होता, आणि तो बदलायचा तर आधी बेकरीत जाऊन विचारावं लागलं असतं.

हा करार हाताने कोडमध्ये उतरवायचे दिवस गेले होते. त्यासाठी 'कारागीर' नावाचं टूल होतं. कारागीर यंत्रणेकडे बघून करार मांडी, आणि त्यावरून दोन्ही टोकांचं कोड लिहून देई. सातवी आवृत्ती वर्षानुवर्षं गुमान चालली होती. पण कार्यालयाने नव्या कोऱ्या वाढपी गाड्या घेतल्या, आणि त्यांना आठव्या आवृत्तीशिवाय दुसरी भाषा कळत नव्हती. म्हणून अपग्रेड.

आठवी आवृत्ती स्वभावाने नीटनेटकी होती. घरात नवी सून आल्यावर पहिल्याच आठवड्यात डबे पुसून, त्यांची जागा बदलून ठेवते, तशी. तिने ओवीला नव्वदेक प्रश्न विचारले. ओवी एका हाताला मेंदी असताना दुसऱ्या हाताने न वाचता 'हो, हो' दाबत गेली. एकच प्रश्न तिने नीट वाचला.

"सात नंबर: रुसवा. करारानुसार हे कोणतंही यंत्र वाचत नाही. काढून टाकू?"

ओवीने हा 'हो' मात्र चवीने दाबला.

कारण सात नंबर म्हणजे बापूमामा.

रुसवामापक हा या कार्यालयाचा अभिमान होता. खांबांवरचे कॅमेरे माणसाच्या मानेचा कोन बघत, पंगतीपासूनचं अंतर मोजत, आणि 'काही नाही' हे दोन शब्द तो किती वेळा आणि कोणत्या सुरात म्हणतो हे ऐकत. त्यावरून शून्य ते दहामध्ये रुसवा ठरे. नवऱ्याकडच्या आत्या साधारण सहापर्यंत जात. दहापैकी अकरा फक्त एकदाच नोंदले गेले होते, ओवीच्या चुलतबहिणीच्या लग्नात, बापूमामांच्या नावावर. तेव्हा मापक दुरुस्तीला पाठवला. त्यात काहीही दोष निघाला नाही. त्या दिवशी पंगत दुपारी चारला बसली, आणि नवऱ्याकडच्या एका आजोबांनी वाट बघून बघून अक्षता खाल्ल्या.

"माझं लग्न वेळेवर लागणार," ओवी फोनवर रुबीनाला म्हणाली. "मामाचा रुसवा सिस्टीममधूनच काढून टाकला."

"मामांना कळवलंस?"

"फालतू बडबड करू नकोस, रुबे. टेस्ट बघ."

"सगळ्या पास. हिरव्यागार."

त्यात नवल नव्हतं. टेस्टसुद्धा कारागीरच लिही. पेपर त्यानेच काढला, त्यानेच सोडवला, त्यानेच तपासला, आणि स्वतःला पैकीच्या पैकी मार्क दिले.

*

मुहूर्त सकाळी अकराचा होता. दहाला बँडची गाडी नवऱ्याला आणायला निघाली आणि अशा संथ, खोल सुरात वाजू लागली, की रस्त्यावरच्या दोघांनी टोप्या काढून हात जोडले.

"ओव्या," रुबीनाने कानात सांगितलं. ती कार्यालयाच्या माळ्यावरच्या खोलीत पडद्यांसमोर बसली होती. "बँड शोकात का आहे?"

"मोठं कर."

"करते."

बँड मोठा झाला नाही. छतातून मात्र अक्षतांचा लोंढा आला आणि खाली रांगोळी काढणाऱ्या ओवीच्या काकू तांदळात गायब झाल्या. तिकडे गुरुजींनी सरावाला पहिलं मंगलाष्टक म्हटलं. 'सावधान'ला अंतरपाट हवेत उडाला, खाली येताना गुरुजींचा चष्मा घेऊन आला आणि परत ताठ उभा राहिला.

"हे प्रत्येक सावधानला होणार आहे का?" गुरुजींनी समोरच्या खांबाला विचारलं. चष्म्याशिवाय त्यांना तो ओवीचा बाप वाटला.

आणि चूल गार होती. साडेतीनशे माणसांचा भात थंड पाण्यात बसला होता.

ओवी नऊवारी सावरत माळ्यावर चढली. तिच्या मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या, त्या तिने रुबीनाच्या चिमट्याने डोक्याला लावून टाकल्या. दोघींनी पडद्यावर जुना आणि नवा करार शेजारी शेजारी लावला. हे त्यांनी काल करायला हवं होतं, पण काल पुरणपोळ्या होत्या.

"बघ," रुबीना म्हणाली. "सात काढला, तर सगळे एक-एक घर वर सरकले. आठव्या आवृत्तीला रिकामं घर बघवत नाही. अंतरपाट सातवर गेला, अक्षता आठवर, बँड नऊवर, चूल दहावर. पण जुनी यंत्रं आपापल्या जुन्या जागेवर कान लावून बसलीत."

"म्हणजे अंतरपाटाला अक्षतांचा हुकूम जातोय."

"सावधानला उडव. तो उडतोय बिचारा. मी बँडचा आवाज वाढवला तो अक्षतांना गेला. बँडला चुलीची आच जातेय. भाताची मंद आच होती म्हणून तो रडत होता. आणि चूल अकरावर बसून वाट बघतेय. तिकडे कुणीच बोलत नाही."

"मग एकानेही तक्रार का नाही केली?"

"कशाला करतील? सगळीकडे नुसते आकडेच जातात. आकडा आला, त्यांनी पाळला. तांदळाच्या डब्यात साखर भरली तर डबा ओरडतो का?"

ओवीने सातवी आवृत्ती परत बसवली. चूल भप्पकन पेटली, बँड सावरला, अंतरपाट शहाण्यासारखा उभा राहिला. आणि बाराच्या बारा नव्या वाढपी गाड्यांनी वळून भिंतीकडे तोंड केलं. त्यांना जुनी भाषा कळत नव्हती. भुकेल्या साडेतीनशे माणसांपुढे भिंतीकडे तोंड करून उभ्या गाड्या, हे चित्र ओवीने क्षणभर डोळ्यांसमोर आणलं आणि आठवी परत लावली. चूल विझली.

"मागे जाता येत नाही, पुढे जाववत नाही," रुबीना म्हणाली. "लग्नाला शोभतंय अगदी."

खालून ओवीच्या आईची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. "ओवी! बापू कुठाय?"

*

मुलीला बोहल्यावर मामा घेऊन येतो. मामा नाही तर मुलगी नाही, मुलगी नाही तर मुहूर्त नाही. एवढं सोपं होतं. आणि बापूमामा सकाळच्या नाश्त्यापासून कुणालाच दिसले नव्हते.

"रुसला असेल," काकू तांदूळ झटकत म्हणाल्या.

"रुसला असता तर फोन वाजला असता!" आई म्हणाली.

हे मात्र खरं होतं. करारानुसार सात नंबर कुणी वाचत नव्हतं. कराराबाहेर सगळेच वाचत होते. जुनी चूल रुसवा पाचच्या वर गेला की गुपचूप आल्याचा चहा टाकी. नातेवाइकांच्या फोनवर 'अमुकतमुक, पश्चिमेच्या दारापाशी, सात पॉइंट दोन' असा निरोप येई, की कुणीतरी उठून समजूत काढायला जाई. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. उघड्यावर काहीही ठेवलं की त्यावर कुणी ना कुणी संसार मांडतोच. इतकी वर्षं फोन सांगत आला, तर निकम घराण्यातल्या एकाही माणसाला दुसऱ्याचं तोंड बघून रुसवा ओळखता येईनासा झाला होता. मामा नाश्त्यालाच साडेतीनशे जणांच्या देखत रुसले होते, आणि कुणाला पत्ता नव्हता.

"तू इथलं बघ," ओवी रुबीनाला म्हणाली आणि निघाली.

ती कुणाला विचारत बसली नाही. रुसलेला माणूस कुठे बसेल, असा तिने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः विचार केला. लांब, पण लोकांना दिसेल इतकंच लांब. वारा येईल असं. आणि पंगतीतला वास पोचेल असं. बटाट्याच्या पोत्यांच्या मागे, आंब्याखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बापूमामा सापडले. फेटा मांडीवर, मान अडतीस अंशात.

"मामा, काय झालं?"

"काही नाही."

"मामा."

"काही नाही म्हटलं ना." मग मामांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघितलं. "आज तू आलीस? नवरी? तुमच्यात कुणी रिकामं नव्हतं का?"

"कुणाला कळलंच नाही, मामा."

"तेच म्हणतो मी! सकाळपासून रुसलोय. चहा नाही, जिलबी नाही, चिटपाखरू फिरकलं नाही. मधे तर मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून खुर्ची जरा पुढे घेतली. तरी नाही. आज मला रुसणं जमेना, ओवी. वय झालं."

ओवी नऊवारीसकट बटाट्याच्या पोत्यावर बसली. "तुमचं काही चुकलं नाही. मी काढलं ते. सिस्टीममधून. तुमचा रुसवा."

मामांची मान अडतीस अंशांतून सरळ झाली.

"का गं?"

"वेळेवर लग्न लागावं म्हणून."

"लागलं?"

आतून 'सावधान' ऐकू आलं, त्यामागोमाग गुरुजींचा 'आई गं'.

"नाही," ओवी म्हणाली. "पण तुम्ही रुसलात कशावरून ते तर सांगा. मी तर अजून बोहल्यावरही चढले नाही, तुम्हाला राग येण्यासारखं घडायला वेळच कुठे मिळाला?"

मामांनी फेट्याचा शेमला बोटाला गुंडाळला. "नाश्त्याला गेलो. माझी जागा दुसरी. कायमची. पहिल्या खुर्चीवर कुणी नसतं."

ओवीला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मामी गेल्यापासून मामा प्रत्येक पंगतीत ओळीतल्या दुसऱ्या खुर्चीवर बसत आणि पहिली रिकामी सोडत. मामींना भिंतीकडेची जागा आवडायची. त्याबद्दल कुणी बोलत नसे. कार्यालयाच्या आसनयादीत त्या जागी कुणाचंच नाव नसे, नुसती मोकळी नोंद. खुर्ची मात्र मांडलेली असे.

"आज गेलो तर खुर्चीच नाही," मामा म्हणाले. "सगळी ओळ पुढे सरकवलेली. मी पहिल्या जागेवर. भिंतीला खांदा लावून. मी तिच्याच जागेवर बसलो होतो, ओवी. आणि शेजारी तुझा चुलतसासरा, उपम्यात लिंबू पिळतोय. मी म्हटलं, इथे एक खुर्ची होती. तर म्हणाले, रिकामी होती म्हणून काढली असेल, बसा की."

ओवीला नव्वद प्रश्नांतला एक पुसटसा आठवला. 'यादीत काही नोंदी मोकळ्या आहेत. मोकळं म्हणजे नसलेलं असं धरू?' तिने न वाचता 'हो' दाबलं होतं.

"मोकळं म्हणजे नसलेलं नव्हे," ती स्वतःशीच म्हणाली.

"तेच तर मी म्हणतोय."

"नाही मामा, मी दुसरंच म्हणतेय. म्हणजे तेच म्हणतेय." ती पोत्यावरून उठली, परत बसली. एकाच दिवसात तिने एकच चूक दोनदा केली होती. एकदा नंबरांत, एकदा खुर्च्यांत. दोन्हीकडे एक जागा मोकळी होती, दोन्हीकडे तिने ती पुसून मागच्यांना पुढे सरकवलं, आणि दोन्हीकडे जुनी माणसं, म्हणजे एकीकडे बँड आणि एकीकडे मामा, आपल्या जागेवर येऊन बघतात तर तिथे दुसरंच कुणी. तिने कानाला हात लावला. "रुबे! सात नंबर परत टाक."

"रुसवा? मापकाचं कोड कारागीराने केव्हाच उडवलं."

"रुसवा नको. नुसता नंबर. सात. आत काही नको."

"रिकामा?"

"राखीव. इथे कुणी कधीही बसायचं नाही, असं लिही. कारागीराला सांग, करार मी देणार, तू फक्त कोड लिही. करार तू मांडायचा नाहीस."

"म्हणजे आठ परत आठवर येईल," रुबीनाचा आवाज एकदम जागा झाला. "अक्षता नऊवर... अगं, आणि गाड्या नव्या भाषेतच राहतील! त्यांना नंबराचं काही पडलेलंच नाही, त्या नाव वाचतात."

"आणि आसनयादीत मोकळी नोंद म्हणजे मोकळी खुर्ची. नसलेली नव्हे."

"किती वाजता लग्न आहे तुझं?"

"मघाशीच होतं."

मामा हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते. "बंद करून चालू करून बघितलं का?" त्यांनी विचारलं.

"बघितलं, मामा."

"मग माझ्याकडे दुसरा उपाय नाही."

कार्यालयाच्या धुराड्यातून भप्पकन वाफ आली. बँडने शोक सोडला आणि मधूनच, कुणाला काही न विचारता, वरातीची चाल धरली. आतून साडेतीनशे माणसांचा एकच 'हां' ऐकू आला.

"चला मामा."

मामा हलले नाहीत. "तू मला काढलंस तेव्हा तुला वाईट नाही वाटलं?"

इथे ओवीला काहीतरी छान बोलता आलं असतं. "बरं वाटलं," ती म्हणाली. "काल रात्रीपर्यंत फार बरं वाटत होतं. आज तुम्ही दिसेनात तेव्हा लग्न टाकून धावत आले."

मामांनी यावर विचार केला. सकाळभराच्या रुसव्याला एवढा मोबदला वाईट नव्हता. त्यांनी फेटा चढवला, वाकडाच चढवला, आणि हात पुढे केला. "ऊठ. नऊवारीला बटाट्याची माती लागलीय. तुझ्या आईला सांगू नकोस मी बसवलं म्हणून."

*

मुहूर्त टळला होता. गुरुजींनी पंचांगाकडे बघितलं, एकच काच उरलेला चष्मा लावून परत बघितलं, आणि अर्ध्या तासाने आणखी चांगला मुहूर्त असल्याचं जाहीर केलं. तो आधीच का काढला नाही, असं कुणी विचारलं नाही. शेवटच्या सावधानला अंतरपाट शांतपणे खाली गेला. पलीकडे विहान उभा होता. त्याने बायकोच्या कपाळावरचा रुबीनाचा चिमटा बघितला आणि काहीही न विचारता हार घातला. ओवीला त्याच क्षणी हा माणूस आवडला, म्हणजे परत एकदा आवडला.

पंगतीत ओळीतली पहिली खुर्ची मांडलेली होती. भिंतीकडेची. नवी वाढपी गाडी तिच्यापुढे आली, थांबली, वाढण्यासारखं कुणी नाही हे तिला कळलं, तरी घाई न करता एक क्षण उभी राहिली आणि मग दुसऱ्या खुर्चीकडे सरकली. मामांनी ते बघितलं. त्यांनी आपलं पाण्याचं भांडं जरा डावीकडे ठेवून उजवीकडच्या चुलतसासऱ्यांना हात मोकळा करून दिला.

पुढे ओवी आणि रुबीनाने कंपनीत एक रिवाज पाडला. कारागीराची कोणतीही आवृत्ती येवो, आधी जुना करार आणि नवा करार शेजारी शेजारी मांडायचे, आणि टिंबाचा जरी फरक निघाला तरी टूलचं नाही, जुन्या कराराचं ऐकायचं. आठवीनंतर नववी आली, दहावी आली. एकाही लग्नात गुरुजींचा चष्मा गेला नाही. करारात सात नंबरसमोर रुबीनाने लिहिलेली ओळ तशीच राहिली: 'ही जागा मोकळी दिसते. बसू नये. सरकू नये.'

रुसवामापक मात्र त्यांनी परत बसवला नाही. त्याची गरज आहे का, याचा निकाल त्याच पंगतीत लागला होता.

तिसऱ्या वाढपाला मामांनी जिलबीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, खाली ठेवला, आणि मान वळवली. जेमतेम वीस अंश. कोणत्याही फोनवर निरोप आला नाही. चुलीने चहा टाकला नाही. पण ओवीच्या आईचा घास हातात थांबला. काकूंनी पंगतीच्या त्या टोकाकडे बघितलं. चुलतसासरे आपली खुर्ची सोडून उठले, आणखी तिघंजण अर्धवट उठले, आणि त्यांच्या आधी, शेला खुर्चीत अडकवून घेत, नवरामुलगा विहान उठला. या घरात येऊन त्याला पुरता तासही झाला नव्हता.

"मामा, काय झालं?"

बापूमामांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पोरगं तयार होतं.

"काही नाही," मामा म्हणाले, आणि त्याच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. उजवीकडची.